पाणी कमी पडलं म्हणून फिट येते का? ऐरोलीच्या प्रश्नाला जरा लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन-चार गोष्टी एकमेकांत अडकल्यात. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडते. वडील ६८ वर्षांचे, राहायला ऐरोली. चार वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, त्यानंतर फिट यायला लागली, ऑक्सकार्बाझेपिन ही फिटची गोळी सुरू झाली आणि मग दोनेक वर्षं सगळं शांत. मार्चमध्ये पाय सुजले म्हणून बीपीची गोळी बदलली. मे महिन्यात भर दुपारी बँकेबाहेर रांगेत उभे असताना कोसळले, हातपाय झटकले, आणि सोसायटीत सगळ्यांनी मिळून निदान केलं की डिहायड्रेशनमुळे फिट आली. तेव्हापासून घरात दिवसाला चार लिटर पाणी, वर ओआरएस, वर शहाळं असा बंदोबस्त. तरीही जूनमध्ये पहाटे झोपेत फिट आलीच, यावेळी मोठी, जीभ चावली गेली. आता सोडियम १२६ आलंय आणि तुम्ही विचारताय की पाणी अजून वाढवू का, ओआरएस कुठलं चांगलं, आणि फिटच्या गोळीनेच सोडियम कमी होतं असं वाचलंय तर ती बंद करून बघू का.

शेवटच्याचं उत्तर आधी. गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धी पण करू नका. फिटची गोळी अचानक थांबवली की फिटवर फिट येत राहते आणि मध्ये शुद्धच येत नाही अशी अवस्था होऊ शकते, आणि ते १२६ सोडियमपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. गोळी बदलायची असेल तर दुसरी चालू करून, तिचा जम बसवून मग पहिली कमी करतात, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. आणि वडील जर आत्ता सुस्त वाटत असतील, उलट्या होत असतील, असंबद्ध बोलत असतील, चालताना तोल जात असेल तर हे पुढचं वाचत बसू नका, आजच कॅज्युअल्टीला न्या. एकदम नॉर्मल असतील तरी एक-दोन दिवसांत दाखवा, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

मी ठाण्यात न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करते, ट्रान्स-हार्बरच्या बाजूने म्हणजे ऐरोली, रबाळे, घणसोलीकडून बरेच पेशंट येतात. तुमच्या वडिलांना मी बघितलेलं नाही त्यामुळे जे लिहितेय ते निदान नव्हे, डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते तुम्हाला कळावं म्हणून.

आता सोडियम. रक्तात ते साधारण १३५ ते १४५ असतं. कमी आलं की सगळ्यांना वाटतं शरीरात मीठ कमी पडलं. बहुतेक वेळा तसं नसतं. तो आकडा म्हणजे पाण्याच्या मानाने सोडियम किती, एवढंच. मीठ तेवढंच राहिलं आणि पाणी वाढलं तरी आकडा खाली येतो, आणि वयस्कर पेशंटमध्ये मला हेच जास्त बघायला मिळतं. रक्त असं पातळ झालं की पाणी पेशींच्या आत शिरतं, बेदाणे भिजत घातल्यावर टम्म होतात तशा पेशी फुगतात. पायातल्या पेशी थोड्या फुगल्या तर कोणाचं काही बिघडत नाही, पण मेंदू कवटीत बंद आहे, त्याला पसरायला जागाच नाही. मग डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती, भ्रम आणि शेवटी फिट.

पण किती कमी झाल्यावर फिट येते याला एकच आकडा नाही, आणि गोंधळ इथेच होतो. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या मिरगीवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये सुचवलेली मर्यादा ११५ च्या खालची आहे, म्हणजे सोडियम ११५ च्या खाली असताना फिट आली तर ती थेट सोडियममुळे आली असं धरायला हरकत नाही. १२६ त्याच्या बरंच वर आहे. मग १२६ निर्दोष का? तर नाही, कारण वेग महत्त्वाचा. हळूहळू, आठवड्या-महिन्यांत कमी झालं तर मेंदूच्या पेशी आतले काही पदार्थ बाहेर टाकून जुळवून घेतात, १२२ सोडियमवर माणूस स्वतः चालत, रिपोर्ट हातात घेऊन ओपीडीत येतो. तेच एक-दोन दिवसांत १३८ वरून १२५ ला आलं तर तोच माणूस बेशुद्ध होऊ शकतो. शिवाय तुमच्या वडिलांच्या मेंदूवर जुन्या स्ट्रोकचा व्रण आहे, म्हणजे फिट यायला तिथे आधीच कमी निमित्त पुरतं. म्हणून पहिलं काम, त्यांचे जुने रिपोर्ट शोधा. मार्चच्या आधी सोडियम किती होतं? तेव्हाही १३० असेल तर एक गोष्ट, १३९ असेल तर वेगळीच. आणि सोबत शुगरचा रिपोर्टही बघा, शुगर फार वाढलेली असली की सोडियम असतं त्यापेक्षा कमी दिसतं.

आता ते वाक्य जे तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात, मार्चमध्ये बीपीची गोळी बदलली. मी तिथेच थांबले. पाय सुजले म्हणून बदलली म्हणजे आधी बहुतेक अ‍ॅम्लोडिपिन असणार, तिने घोटे सुजतात हे नेहमीचं. तिच्या जागी काय दिलं? घरी गेलात की पट्टी हातात घ्या, नाव मोठ्या अक्षरात असतं ते सोडा, मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते मोबाईलच्या टॉर्चने वाचा. नावाच्या शेवटी एच किंवा सीटी असं काही जोडलेलं असेल तर त्यात बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे. ही लघवी वाढवणारी औषधं. बीपीसाठी चांगली आहेत, स्वस्त आहेत, लाखो लोक घेतात, पण यांच्यामुळे लघवीतून सोडियम जातं आणि किडनीला जादाचं पाणी नीट बाहेर टाकता येत नाही. ऑक्सकार्बाझेपिन शरीरात पाणी धरून ठेवायला लावते. साठीच्या पुढच्या माणसाला दोन्ही एकत्र, आणि त्यावर चार लिटर पाणी. दोघांनी मिळून किडनीचं दार लावून घेतलं आणि आपण वरून नळ सोडला.

तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारते, स्ट्रोकनंतर मन लागत नाही, रडू येतं म्हणून एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन अशी गोळी चालू आहे का? तीही सोडियम कमी करते. फिटच्या गोळ्यांमध्ये ऑक्सकार्बाझेपिन, कार्बामाझेपिन आणि त्यांच्याच घरातली एस्लिकार्बाझेपिन या मुख्य. लेव्हेटिरासिटामने असं फारसं होत नाही. ऑक्सकार्बाझेपिनने बऱ्याचदा सुरुवातीच्या तीन महिन्यांत सोडियम उतरतं, त्यामुळे दोन वर्षं नीट गेली की सगळेच निर्धास्त होतात, डॉक्टरसुद्धा, पण नवीन औषध येऊन मिळालं की चित्र बदलतं.

अजून एक गोष्ट जेवणाची. बीपी आहे म्हणून मीठ जवळजवळ बंद, दात नाहीत म्हणून रात्री नुसती पेज, सकाळी चहा-टोस्ट, असं बऱ्याच घरी चालतं. लघवीतून पाणी जातं ते मीठ आणि प्रथिनांमधून तयार होणाऱ्या युरियाच्या सोबतीने. नीट जेवणारा निरोगी तरुण माणूस दिवसाला दहा लिटरच्या वर पाणी बाहेर टाकू शकतो, पण जो चहा-टोस्टवर आहे त्याला चार लिटरही जड जातं. डाळ, अंडं, दही, मासे यातलं काही ते रोज खातात का बघा, निदान दोन वेळा.

आता तुमची मे महिन्यातली घटना. तुम्ही वर्णन छान केलंय, चेहरा पांढराफटक झाला, घामाने शर्ट भिजला, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले आणि खाली बसता बसता पडले, मग हातपाय काही सेकंद झटकले आणि आडवं केल्यावर मिनिटाभरात 'पासबुक कुठाय' विचारलं. हे ऐकून मला फिटपेक्षा साधी चक्कर वाटतेय. बीपी एकदम खाली गेलं, मेंदूला रक्त कमी पडलं की माणूस पडतो, आणि पडताना हातपाय झटकतात, बघणाऱ्याला हुबेहूब फिट वाटते. खऱ्या मोठ्या फिटमध्ये झटके सहसा एक-दोन मिनिटं चालतात, चेहरा काळा-निळा पडतो, जीभ चावलीच तर बाजूला चावली जाते, आणि नंतर माणूस बराच वेळ भानावर नसतो, घरच्यांना ओळखत नाही, घोरत झोपतो. जूनच्या पहाटेचं तुमचं वर्णन नेमकं तसं आहे. म्हणजे मला असा संशय येतो की मे मधली फिट नव्हतीच, नवीन बीपीच्या गोळीवर, उन्हात, तासभर उभं राहून आलेली चक्कर होती. तिच्यावर उपाय म्हणून पाणी वाढवलं, सोडियम घसरलं, आणि मग खरी फिट आली. हे इथे बसून ठामपणे सांगता येणार नाही, दोन्ही फिटच असू शकतात, पण डॉक्टरांना दोन्ही प्रसंग वेगवेगळे सांगा, 'दोनदा फिट आली' असं गुंडाळून सांगू नका. उभं असताना आणि झोपलेलं असताना दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. आणि हृदयाचे ठोके चुकल्यानेही असाच माणूस पडतो, त्यामुळे ईसीजी हवाच.

म्हणजे डिहायड्रेशनने फिट येतच नाही का? येते, पण लोकांना वाटतं त्या वाटेने नाही. दुपारी दोन ग्लास पाणी कमी प्यायलं म्हणून फिट आली असं सहसा होत नाही. होतं ते असं. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं, मेंदूच तापतो, त्यात फिट येते. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली माणसं दगावली ते आपल्याकडे सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी पाणी पाजण्याआधी अंग थंड करणं महत्त्वाचं. दुसरं, जुलाब-उलट्या होतात तेव्हा गोळीच पोटात टिकत नाही, रक्तात औषधच कमी पडतं आणि फिट येते, नाव मात्र डिहायड्रेशनचं होतं. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करून विचारा, परत द्यायची का. तिसरं, अंथरुणाला खिळलेले पेशंट, ज्यांना तहान लागली तरी सांगता येत नाही. त्यांचं सोडियम उलट वाढतं, १५५, १६० होतं, पेशी आकसतात, त्यातही सुस्ती आणि फिट. तिथे पाणी हेच औषध, पण तेही हळूहळू, कारण आकसलेल्या मेंदूत भसकन पाणी गेलं की तो सुजतो.

आणि चौथं आपल्याकडचं खास. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं म्हणून. हे अजून चालतं, शिकलेल्या घरांत चालतं, कृपया बंद करा. बाळंतपणानंतर रक्त तसंही घट्ट झालेलं असतं, त्यात पाणी तोडलं की मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ती बऱ्याचदा आधी डोकेदुखी आणि मग फिट होऊनच समोर येते. बाळंतिणीला सतत डोकं दुखत असेल तर दृष्ट काढत बसू नका, लगेच बीपी बघायचं आणि एमआरआय व्हेनोग्राम, म्हणजे मेंदूच्या शिरांचा एमआरआय, करायचा.

तान्ह्या बाळांचं याच्या बरोब्बर उलटं. उन्हाळा आहे, घसा सुकला असेल म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी पाजतात किंवा पावडरचं दूध पातळ करतात. बाळाच्या किडनीला ते झेपत नाही, सोडियम उतरतं आणि फिट येते. त्या वयात आईचं दूध पुरतं, मे महिन्यातसुद्धा.

उपवासाबद्दल खाली कोणीतरी विचारलंय म्हणून. हरतालिकेला निर्जळी आणि वर जागरण असतं, तर मिरगी असलेल्या बाईला त्रास होतो तो पाण्यापेक्षा जागरणाने आणि चुकलेल्या गोळीने. झोप मोडणं हे फिटचं फार मोठं कारण आहे. गोळी घोटभर पाण्याने घेतल्याने उपास मोडत नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि सासूबाई सोबत आलेल्या असतील तर त्यांच्याकडे बघून सांगते.

आता ओआरएस, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे. ओआरएस हे जुलाबासाठी बनलेलं अप्रतिम औषध आहे, १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्यावर हजारो जीव वाचवले. पण ते काय आहे ते बघा. आत्ताच्या डब्ल्यूएचओच्या प्रमाणात एका लिटरला सोडियम ७५ असतं. रक्तात ते १३५ च्या वर हवं. म्हणजे सोडियमच्या हिशेबात ओआरएस रक्तापेक्षा पातळ आहे. जुलाबात पाणी आणि मीठ दोन्ही जातं तिथे ते उत्तम, पण ज्याचं शरीर आधीच पाणी धरून बसलंय त्याला ओआरएस पाजणं म्हणजे थोडं मीठ आणि भरपूर पाणी. त्याने १२६ चं १३६ होत नाही. शहाळ्यात तर सोडियम फार थोडं, पोटॅशियम भरपूर, आणि किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर रोजची दोन-दोन शहाळी डॉक्टरांना विचारूनच. आणि ते टेट्रापॅकमधले गोड गोड पेय तर सोडाच, त्यांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला एफएसएसएआय या अन्नपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली ती उगीच नाही.

तसंच सलाईनचं. अशक्तपणा वाटतोय, एक बाटली चढवून या, ही आपल्याकडची सवय. पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली असेल तर त्यातली साखर शरीर वापरून टाकतं आणि उरतं नुसतं पाणी, म्हणजे सोडियम अजून खाली. साधं नॉर्मल सलाईनसुद्धा काही पेशंटमध्ये उलटं पडतं. त्यामुळे वडिलांना कुठेही बाटली लावायची वेळ आली तर आधी सांगा, यांचं सोडियम कमी आहे आणि ऑक्सकार्बाझेपिन चालू आहे. जमलं तर हे एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा.

जादा पाण्याने फिट येऊ शकते हे आजचं ज्ञान नाही बरं का. १९३१ मध्ये अमेरिकेत मॅकक्वॅरी आणि पीलर या डॉक्टरांनी मिरगी असलेल्या मुलांना लघवी रोखणारं हार्मोन देऊन भरपूर पाणी पाजलं आणि त्यांना फिट आल्या. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही. त्या काळात मग काही डॉक्टर उलट टोकाला गेले आणि पेशंटचं पाणीच तोडायचे, तेही टिकलं नाही. धडधाकट माणसांतही हे दिसतं, २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यातले बरेच जण असे होते ज्यांचं वजन धावून कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. नवी मुंबईत पाम बीच रोडला पहाटे पळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तहान लागेल तेवढं प्या, दर किलोमीटरला अर्धी बाटली असा नियम करू नका.

बाकीचे क्षार पटकन सांगते. कॅल्शियम फार कमी झालं तर फिट येते, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर किंवा व्हिटॅमिन डी तळाला गेलेलं असताना. त्याआधी बहुधा तोंडाभोवती मुंग्या, हाताची बोटं वाकडी होऊन आखडणं असं होतं, ती फिट नव्हे. फेनिटोइन, फेनोबार्बिटोन या फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं व्हिटॅमिन डी कमी होतं म्हणून ते अधूनमधून तपासावं. कॅल्शियमचा रिपोर्ट अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या रिपोर्टसोबत वाचायचा, नाहीतर उगीच घाबरायला होतं. मॅग्नेशियम कमी होतं ते दारूने, लांबलेल्या जुलाबाने आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी घेतलेल्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीने, पँटोप्राझोल वगैरे. पोटॅशियमने सहसा फिट येत नाही, पण हृदयाचे ठोके बिघडतात. आणि फिट आलेल्या कुठल्याही माणसाची शुगर आधी बघायची, सगळ्याच्या आधी.

उलटं पण सांगायला हवं, नाहीतर हे वाचून कोणी पाणीच बंद करायचं. टोपिरामेट ही फिटची गोळी घेणाऱ्यांनी पाणी भरपूर प्यायलाच हवं, कारण त्या गोळीने घाम कमी येतो, अंग तापतं आणि मुतखडे होतात. म्हणजे फिटच्याच दोन गोळ्या आणि पाण्याचा सल्ला बरोबर उलटा. म्हणून 'मिरगीवाल्याने किती पाणी प्यावं' याला उत्तर नाही, कुठल्या मिरगीवाल्याने ते सांगा मग बोलू.

तुमच्या वडिलांपुरतं बोलायचं तर जबरदस्तीचं पाणी आजपासून थांबवा, तहान लागेल तेवढंच द्या, ओआरएस बंद, जेवण नीट. याच्या पुढे किती कमी करायचं ते लघवीची तपासणी बघून डॉक्टर ठरवतील. बऱ्याचदा आम्ही दिवसाला एक ते सव्वा लिटर सांगतो, सगळं धरून, म्हणजे चहा, ताक, आमटी, औषधाबरोबरचं पाणी सगळं. घरी हे पाळताना भांडणं होतात, म्हणून एक युक्ती सांगते. ठरलेलं पाणी सकाळी बाटल्यांमध्ये भरून ठेवायचं. चहा दिला की तेवढाच कप पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, ताक दिलं की तेवढं फुलपात्र ओतायचं. त्यांना स्वतःला दिसतं किती उरलंय, कोणी नाही म्हणावं लागत नाही. तुमच्या घरचं फुलपात्र किती मिलीचं आहे ते एकदा मोजून घ्या, काही दीडशेची असतात काही अडीचशेची, आणि लोक सगळ्यांना 'एक ग्लास' म्हणतात.

मीठ वाढवू का, हा पुढचा प्रश्न येणारच. विचारल्याशिवाय नको, स्ट्रोक झालेला माणूस आहे, बीपी चढलं तर भलतंच होईल.

अ‍ॅडमिट केल्यावर सोडियम लवकर वाढवा म्हणून डॉक्टरांच्या मागे घाई लावू नका. दोन दिवस झाले तरी ११६ चं १२८च का झालं म्हणून नातेवाईक भांडतात, अहो, तोच योग्य वेग आहे. फिट चालू असेल तेव्हा तीन टक्क्यांचं, म्हणजे जास्त मिठाचं, सलाईन देऊन सुरुवातीला थोडं पटकन वर आणतात, पण २४ तासांत साधारण आठ ते दहाच्या वर चढवायचं नाही. भसकन वाढवलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं, बोलणं, गिळणं, हातपाय जातात, आणि ते काही दिवसांनी कळतं, सोडियमचा रिपोर्ट तेव्हा एकदम छान असतो.

तपासण्या म्हणाल तर सोडियम-पोटॅशियम परत, शुगर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, अल्ब्युमिन, मॅग्नेशियम, थायरॉइड, आणि लघवीतलं सोडियम आणि ऑस्मोलॅलिटी, म्हणजे लघवी किती घट्ट आहे ते. लघवीची तपासणी उपचार चालू व्हायच्या आधी व्हायला हवी, नंतर ती काही सांगत नाही, आणि नेमकी तीच राहून जाते.

परत फिट आलीच तर एका कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, कॉलर सैल, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा काही नको. पूर्ण भानावर येईपर्यंत पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं, आणि तुमच्या घरी आत्ता पहिला हात पाण्याच्या ग्लासकडेच जाणार म्हणून मुद्दाम सांगतेय. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच दुसरी आली तर १०८. जमलं तर एकाने व्हिडिओ काढा.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, नावं पाठ करून नको, पट्ट्याच, आयुर्वेदिक-होमिओपॅथिक धरून. बीपीची गोळी ज्यांनी लिहिली आणि फिटची गोळी जे देतात ते वेगळे डॉक्टर असतील तर दोघांना एकमेकांची प्रिस्क्रिप्शन दाखवा, बऱ्याचदा नुसती बीपीची गोळी बदलून आणि पाणी आवरून सोडियम जागेवर येतं आणि चांगली चाललेली फिटची गोळी हलवावी लागत नाही. हलवावीच लागली तर लेव्हेटिरासिटामचं नाव निघेल, सोडियमच्या दृष्टीने ती बरी, पण काही जणांना तिने चिडचिड आणि उदासी येते, डोस किडनी बघून ठरवावा लागतो. वडील आधीच तापट असतील किंवा स्ट्रोकनंतर गप्प गप्प राहत असतील तर ते त्याच वेळी सांगा, गोळी निवडताना त्याचा विचार होतो.